पाचव्या भागावरचा चेहरा

माझ्या धाकट्या बहिणीनं मला फसवलं, हे मी गेली तीन वर्षं महाडच्या बाजारात भेटेल त्याला सांगत आले आहे. आता लिहूनच ठेवते. सांगताना दम लागतो.

मला महाडला दिलेली, तिला पोलादपूरला. दोघींना वाचायचा नाद. काही वर्षांपूर्वी दहा भागांची एक कादंबरी निघायला लागली, दर सहा महिन्यांनी एक भाग. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. कादंबरी बरी होती. खरी मजा होती पुस्तकांच्या पाठींवर, शिवणीच्या त्या अरुंद कडेवर. प्रत्येक पाठीवर चित्राची एकेक उभी पट्टी. दहाही भाग ओळीनं उभे केले की नदी, नदीत होडी, आणि होडीत लाल लुगड्यातली एक बाई, कुणी हाक मारल्यासारखी मागं वळून बघणारी.

मी बहिणीला म्हटलं, "दोघींनी दहा-दहा कशाला घ्यायची? एक, तीन, पाच अशी माझी. दोन, चार, सहा अशी तुझी. वाचायला अदलाबदल करू, आणि गौरीला माहेरी दासगावला जमलो की सगळी एकत्र लावू." बहिणी दुरावू नयेत म्हणून ही युक्ती काढली, असं मी शेजारणींना डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. नाटकी बाई!

कपाटात वर्षभर नुसत्या चिंध्या असायच्या. माझ्याकडं पाणी, मग होडीचं टोक, मग एकदम बाईचा चेहरा. गौरी आल्या की मात्र आरासीशेजारी पाट मांडायचा आणि त्यावर एक मी ठेवायचं, एक तिनं. पाचवं मी ठेवलं की चेहरा यायचा, सहावं तिनं ठेवलं की पदर. आमची वहिनी करवादायची, "गौरीला सोडून सगळे हिलाच बघतात. हिलाच ओवाळू काय?" मी वर्षभर त्या पाटाची वाट बघायचे. गौरीनं मला क्षमा करावी, पण तिची इतकी नाही बघितली कधी.

तीन वर्षांपूर्वी मी माझी पुस्तकं घेऊन गेले, पाटावर पहिलं ठेवलं आणि म्हटलं, "हं, ठेव." बहीण पदराशी चाळा करत बसलेली.

"अक्का, माझी नाय आणली."

"विसरलीस?"

"नाय गो. दिली. आमच्या वाचनालयाला दिली. नवीन संच निघालाय ना त्या कादंबरीचा, सूनबाईनं मुंबईवरनं आणला. दहाच्या दहा एका खोक्यात." आणि तिनं मोबाईल पुढं केला.

फोटोत दहा निळ्या पाठी. वर सोनेरी पट्टी, खाली आकडा. गणवेश घालून प्रार्थनेला उभी केलेली पोरं जशी. नदी नाही, होडी नाही.

"आणि ती बाई?"

"बाई नाय. पण सगळी माझीच हायत."

त्या 'माझीच'वर मी माझं पहिलं पुस्तक पाटावरून उचललं. त्या दिवशी मी जेवले नाही. खोटं कशाला सांगू, चार घावणे खाल्ले. पण रागानं खाल्ले.

आठ दिवसांनी एसटीनं पोलादपूरच्या वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी पाचही पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी.

"कागद काढता येईल का हो?"

"आजी, खळीनं चिकटवलेत. सोलला तर खालची पाठ पण येईल."

तशीच बहिणीच्या दारात गेले. "मला न विचारता दिलीस?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तू वाटणी मला विचारून केलेलीस? महाडच्या दुकानात भिंतीवर अख्ख्या चित्राचा कागद लावलेला. मी पण बघितला गो, नंतर. तोंड पाचव्यावर हाय हे तुला आधीच ठावं होतं. इतकी वर्षं माझ्या कपाटात नुसता पदर नि पाणी. आल्यागेल्याला काय सांगायचं, आमची बाई महाडला ऱ्हाते म्हणून?"

आता, हे खरं आहे. तो कागद मी वाटणीच्या चार दिवस आधी पाहिला होता. पण फसवणं वेगळं आणि जरा आधी बघून ठेवणं वेगळं, असं त्या पंचावन्न वर्षांच्या शहाणीला पुरतं पटलेलं होतं. चहा न घेता मी निघाले. गाडीत राहून राहून आठवत होतं, दर गौरीला ही मुकाट्यानं चेहऱ्याशेजारी पदर ठेवत राहिली. आधी मला फसवायचं आणि वर मलाच लाज वाटायला लावायची! ही तर दुहेरी फसवणूक झाली.

यंदा गौरीला मी एकच पुस्तक नेलं, पाचवं. पाटाच्या मधोमध उभं केलं. बहीण आली, पिशवीतून एक खाकी पुस्तक काढलं आणि त्याला टेकवून ठेवलं. सहावा भाग.

"वाचनालयात एका वेळी एकच देतात," ती म्हणाली. मग बराच वेळ चेहऱ्याकडं बघत राहिली. "अक्का, ते पाचवं दे ना गो मला. एक वरीस."

"नाय देत."

"बघ, म्हातारी झालीस तरी तशीच."

वहिनी आतून ओरडली, "भांडून झालं असंल तर पानं घ्या!"

आम्ही उठलो. पाटावर बाईचा चेहरा, आणि त्याला लागून खाकी कागद. पदर त्या कागदाखालीच आहे, मला पक्कं ठाऊक आहे. पण तो दिसत नाही, आणि ते मी तिला अजून माफ केलेलं नाही.