पडद्यामागे रंजनाबाई

रंजनाबाई मला पहिल्यांदा दिसल्या १९७८ साली. तापीकाठच्या त्या गावात मी मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शाळेच्या पटांगणात भाईदास पाटील हलती चित्रं दाखवत होते. दोन बांबूंना ताणलेलं ओलं धोतर, पुढे बसलेलं गाव, आणि धोतराशेजारी उभे राहून गोष्ट सांगणारे भाईदास. दिवा शाळेच्या छपराच्या फार जवळ आहे हे सांगायला मी मागे गेलो, तर यंत्राचं हँडल एक बाई फिरवत होती, भाईदासांची बायको. पदर हनुवटीपर्यंत. गुजर समाजातल्या सुनेनं चारचौघांत दिसायचं नाही, म्हणून यंत्रच पडद्यामागे.

हात थांबला की दिव्याच्या आचेनं फीत जळायची, घाई केली की चित्रातली माणसं पळत सुटायची. त्यांचा हात तासभर एकसारखा चाले. पुढे ओळख झाल्यावर त्यांनी एकदा विचारलं, "गुरुजी, सिनेमातला लोके समदा डावखुरा शेतस का?" मागून त्यांना सगळं उलटं दिसायचं. एकदा पुढे बसून पाहा, असं मी सुचवलं.

"मंग हँडल कोण फिरवी? तुम्ही?"

पुढे भाईदास वारले. तीन वर्षांपूर्वी एका संग्रहालयाची माणसं यंत्र न्यायला आली. चालवणाऱ्याचं नाव पाटीवर लिहिणार होते. मुलानं, धर्मेंद्रनं, वडिलांचं सांगितलं. रंजनाबाई दारात आल्या.

"तुन्हा बाप नुसता बोले. हँडल मन्हा हातमा ऱ्हाये."

"माय, लोकेसमोर काय बोली ऱ्हायनी? आत जाय."

पाहुणे म्हणाले, आजींनाच फिरवू द्या. धर्मेंद्र म्हणाला, "तिचा हात थरथरतो." थरथरत नव्हता. त्यानं स्वतः हँडल धरलं आणि पाहुण्यांच्या कॅमेऱ्याकडे पाहून हसताना हात थांबवला. उरलेली ती एकच फीत होती. तिला मधोमध भोक पडलं.

मग पाहुण्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही पाहिलंय. कोण चालवायचं?"

धर्मेंद्र माझा विद्यार्थी. त्याच्याच घरचा चहा माझ्या हातात होता. मी म्हणालो, "दोघं मिळून."

रंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. पाटीवर भाईदासांचं एकट्याचं नाव लागलं. त्याच महिन्यात रंजनाबाईंनी मुलाचं घर सोडलं.

आता त्या नवापूरला लेकीकडे, मोहिनीकडे राहतात. सकाळी कोंबड्यांच्या शेडमधली अंडी गोळा करून ट्रेमध्ये भरतात; हात अजूनही तसाच एकसारखा चालतो.