काचेआडचं ऊन

माझ्या धाकट्या दिरांना काच पुसायचं वेड आहे. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, तेव्हा ते चष्मे पुसतात हे समजू शकतं. पण हा माणूस बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्मा उतरवतो, खिशातलं मऊ फडकं काढून पुसतो आणि परत त्याच्या नाकावर चढवतो. माझ्या स्वयंपाकघरात आले की बरण्या पुसतात आणि बसमध्ये बसले की खिडकी. गल्लीत त्यांना सगळे ‘फडकेसाहेब’ म्हणतात. आडनाव भलतंच आहे, पण आता तेही या हाकेला ओ देतात.

आम्ही वर राहतो आणि खाली त्यांचं दुकान, दुकानामागे त्यांची खोली. दुकानाची दर्शनी काच ही तर त्यांची शान. आत मांडलेल्या फ्रेमांचे रंग उन्हाने उडू नयेत म्हणून मुद्दाम निवडून बसवलेली, चांगली जाडजूड. तिच्यावर माशी बसली तरी हे फडकं घेऊन धावणार. सकाळी पूर्वेचं ऊन तिच्यातून असं आत येतं की काच आहे हेच कळत नाही. एकदोन गिऱ्हाइकांनी तिच्यावर कपाळ आपटून घेतलं आहे, आणि भावोजींना त्याचं वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं होतं.

त्या काचेलगत एक वेताची खुर्ची असते. ती माझ्या जावेची. जाऊ गेली त्याला काही वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ती तिथे बसायची. आता कुणी गिऱ्हाईक त्या खुर्चीकडे वळलं की भावोजी स्टूल पुढे सरकवतात. मूल झालं नाही. जेवायला ते आमच्याकडे असतात, खाली मान घालून जेवतात आणि ताट उचलून जातात. मी तोंडाची फटकळ, ते घुमे, त्यामुळे आमचं भांडणही नीट होत नाही.

अशा माणसाने कासव पाळलं.

त्यांच्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या अंगणात कासवांची जोडी आहे, रीतसर परवान्याची. अंडी फुटून पिल्लं निघाली, तेव्हा बाईंनी एक भावोजींना दिलं, कागदपत्रांसकट. ते त्यांनी आणलं कशातून, तर चष्म्याच्या डबीतून. झाकणाला भोकं पाडली होती. मला वाटलं माझा वाचायचा चष्मा दुरुस्त होऊन आला. डबी उघडली तर आतून एक म्हातारा चेहरा माझ्याकडे बघतोय! मी किंचाळले. भावोजी हसले. जाऊ गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पिल्लू केवढं, तर कोटाच्या मोठ्या बटणाएवढं. पण चेहऱ्यावर अशा सुरकुत्या, जसं काही सगळं आयुष्य बघूनच ते जन्माला आलं आहे. बाई म्हणाल्या होत्या की नीट सांभाळलं तर ते आपल्या सगळ्यांच्या मागे राहील. मी त्याला तळहातावर घेतलं. त्याने चारही पायांनी माझा हात ढकलला आणि निघालं. मला खरंच भरून आलं. माझ्या हातावरून चाललेला हा जीव, मी नसेन तेव्हाही कुठेतरी असाच चालत असणार होता.

त्याचे लाड बघून मी त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवलं. सकाळी उथळ बशीत कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीखाली. मग निवडलेली कोवळी पानं, एखादं जास्वंदीचं फूल. मी प्रेमाने केळ्याची चकती पुढे केली तर भावोजींनी माझ्या हातातून काढून घेतली. “वहिनी, त्याचं पोट बिघडेल. पाला एके पाला.” मी म्हटलं, “जावयाला पाला वाढणारं हे पहिलंच सासर!” फ्रेमा बाजूला सारून दर्शनी काचेत त्याचं घर केलं होतं. माती, दगड, लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा. सकाळभर लख्ख ऊन. येणारेजाणारे थांबून बघायचे, आणि भावोजी काच दुप्पट पुसायचे.

पाठ मऊ होती. बाईंनी सांगितलं होतं, सुरुवातीला असतेच, हळूहळू टणक होईल. भावोजी रोज अंगठ्याने अलगद दाबून बघायचे. काही महिने गेले. पाठ टणक व्हायची सोडून जास्तच दबायला लागली. पिल्लू चालताना पोट जमिनीवरून उचलेना. पान तोंडात धरायचं पण तोडता यायचं नाही, नुसतं चघळल्यासारखं करायचं. भावोजी कात्रीने पानांचे बारीक तुकडे करायला लागले. जेवताना ते एकदा म्हणाले, “वहिनी, सगळं तर देतोय मी त्याला.” मी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

एका सकाळी मी चहा घेऊन खाली गेले, तर दुकानात एक ट्रकचालक तावातावाने बोलत होता. त्याने उन्हात काळा होणारा चष्मा नेला होता.

“तुम्ही म्हणालात उन्हात गेलं की काळा होतो. गाडीत बसलो की हा पांढराच्या पांढरा! ऊन तर थेट डोळ्यांवर येतंय.”

हे उत्तर भावोजींना तोंडपाठ आहे, शंभर जणांना दिलेलं आहे. चष्मा त्याच्या हातातून घेऊन पुसता पुसता ते म्हणाले, “गाडीत नाही व्हायचा. समोर काच असते ना. ऊन आपल्याला दिसतं, पण त्यातला जो भाग काम करतो, तो काच आतच येऊ देत—”

आणि त्यांचा हात थांबला.

ते पिल्लाकडे बघत होते. मग त्यांनी तो चष्मा जावईबापूंच्या शेजारी, भर उन्हात ठेवला. आम्ही तिघं बघत राहिलो. भिंगं तशीच, पाण्यासारखी. त्यांनी चष्मा उचलला, दार उघडलं आणि बाहेरच्या पायरीवर ठेवला. ऊन तेच, सकाळ तीच. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती भिंगं काळवंडत गेली.

दिसायला एकसारखी दोन उन्हं होती, आणि मधे फक्त ती चकचकीत काच. जन्मभर त्या न दिसणाऱ्या किरणांपासून लोकांचे डोळे वाचवणाऱ्या माणसाने, ज्याला ते किरण हवेच होते त्या एकुलत्या एका जिवालाही त्यांच्यापासून वाचवलं होतं!

चालकाला चष्मा परत देऊन, पिल्लाला डबीत घालून भावोजींनी शटर खाली ओढलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. जाऊ शेवटची आजारी होती तेव्हाही या माणसाने दुकान एक दिवस बंद ठेवलं नव्हतं. तो राग मी पदराला बांधून ठेवला होता, कशाला खोटं बोलू? कासवासाठी मात्र शटर खाली!

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी पाठ दाबून बघितली, जबडा बघितला. त्या म्हणाल्या, “तुम्ही ओळखलंत ते बरोबर आहे. ते किरण अंगावर पडल्याशिवाय खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडात जातच नाही. पाठीचं कवचही हाडच आहे त्याचं.” त्यांनी चुन्याची औषधी पूड दिली, ढगाळ दिवसांसाठी खास दिवा लिहून दिला. भावोजींनी विचारलं, “वाचेल?” त्या म्हणाल्या, “लहान आहे, त्यामुळे आशा आहे. पण शब्द देत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं दुकान बंद. गच्चीवर मातीचं खोकं आलं, अर्ध्यावर सावली, कारण नुसत्या उन्हातही ते भाजून निघालं असतं. वर कावळ्यांसाठी जाळी. काच कुठेच नाही. भावोजी उपड्या बादलीवर बसून डोळ्यांत तेल घालून पहारा करायचे. आणि खोक्याच्या पलीकडे त्यांनी ती वेताची खुर्ची आणून ठेवली होती, रिकामीच.

मी सवयीने बोलून गेले, “जावईबापूंना आता खुर्चीही लागते वाटतं?”

ते हसले नाहीत. जाळीवरून हात फिरवत म्हणाले,

“ती म्हणायची, मला जरा उन्हात न्या. गच्चीवर न्या. मी म्हणायचो, जिना झेपायचा नाही तुला, इथेच बस, हे बघ किती ऊन आहे. काच पुसून द्यायचो तिला, वहिनी. रोज पुसून द्यायचो.”

माझ्या पदरातला राग कुठे गेला, कुणास ठाऊक. मी म्हटलं, “भावोजी, तिचा आजार उन्हाने बरा होणारा नव्हता.”

“माहीत आहे मला. पण तिने ऊन मागितलं होतं.”

मी खाली जाऊन चहा करून आणला.

मग नुसतं थांबणं उरलं. मला थांबायचा कंटाळा, पण रोज सकाळी माझे पाय आपोआप गच्चीकडे वळायचे. पिल्लू उन्हात येऊन मान ताणायचं, मागचे पाय लांब सोडायचं आणि डोळे मिटून घ्यायचं. दुसरं काही करायचं नाही. पण मला आता ठाऊक होतं की आत काहीतरी चाललं आहे. पुढे एकदा भावोजींनी माझ्या हातात त्यांचं भिंग दिलं. पाठीच्या प्रत्येक काळ्या खवल्याच्या कडेने एक नवी फिकट रेघ उमटली होती, केसाएवढी. ऊन पडत होतं आणि त्याचं हाड होत होतं, आमच्या गच्चीवर, मी वाळत घातलेल्या चादरींच्या शेजारी! इतकं मोठं काम, आणि कसला आवाज नाही.

एके दिवशी पिल्लाने अख्खं पान पुढ्यात ओढलं आणि कचकन तोडलं. तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. भावोजींनी त्याला उचललं, अंगठा पाठीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग ते माझ्यापुढे धरून म्हणाले, “वहिनी, तुम्ही दाबून बघा. माझा भरवसा नाही.”

मी दाबलं. आधी घाबरत, मग जरा जोरात. पाठ दबली नाही. जावईबापूंनी वैतागून मान बाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

“टणक आहे,” मी म्हटलं.

भावोजींनी पिल्लाला मातीत सोडलं. स्वतःचा चष्मा काढला, त्यावर हाताचे ठसे उमटले होते, पण पुसला नाही, तसाच परत चढवला. मी उभीच होते.

“उभ्या का, वहिनी?” ते म्हणाले. “खुर्ची आहे ना. बसा.”

मी बसले. वेत चांगलाच तापला होता.