पाडलेल्या भिंतीचा प्रतिध्वनी

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचते, हसते आणि पान उलटते. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., फिजिक्स. वडील गिरणीत होते, आई कोकणातल्या आमच्या गावच्या देवचाराला, म्हणजे वेशीवरच्या राखणदार भुताला, घाबरत घाबरतच म्हातारी झाली. मी ठरवून त्यातून बाहेर पडले. तेव्हा खाली जे लिहितेय ते घाबरून नाही, वैतागून लिहितेय.

कांजूरमार्गच्या एका मराठी शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. शाळेमागे मैदान आणि त्यापलीकडे एका बंद कारखान्याची लांबलचक, उंच भिंत. दरवर्षी ध्वनीचा धडा आला की मी वर्गाला मैदानात नेते. शाळेच्या बाजूच्या गोलपोस्टजवळ उभं राहून दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायच्या. आवाज भिंतीवर आदळून परत येतो. ठोके असे जुळवायचे की प्रतिध्वनी बरोबर दोन ठोक्यांच्या मधोमध पडेल. मिनिटाचे ठोके मोजले, भिंतीपर्यंत टेप लावली, की आवाजाचा वेग निघतो. लॅब नको, खर्च नको... झकास प्रयोग.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती भिंत पाडली. टॉवर येतोय म्हणे. शाळा उघडली तेव्हा पलीकडे पार हायवेपर्यंत मोकळं. मी म्हटलं, उत्तम, आता उलटा प्रयोग करू. भिंत नाही, तर प्रतिध्वनी नाही.

यात माझा एक हेतू होता. वर्गात सिद्धी नावाची मुलगी आहे. बरेच महिने तिला सतत बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू यायचा. घरचे म्हणत, देवचार बोलावतोय, गावी जाऊन गाऱ्हाणं घालायला हवं. तिच्या आईला मी कसंबसं कानाच्या डॉक्टरकडे यायला तयार केलं होतं. गुरुवारी जायचं ठरलं होतं. कारणाशिवाय आवाज होत नाही, हे मला सिद्धीला डोळ्यांसमोर दाखवायचं होतं. म्हणून फळ्या मुद्दाम तिच्याच हातात दिल्या. शिवाय ती भजनात झांज वाजवते, त्यामुळे तालाला पक्की.

"बाई, समोर तर काहीच नाय," ती म्हणाली.

"म्हणूनच. मार."

खट्.

...खट्.

ओंकार म्हणाला, "बाई, भिंतीला अजून कळलं नाय वाटतं, तिला पाडलंय ते."

सगळे फिदीफिदी हसले. मी नाही हसले. "परत मार. तालात मार."

ती मारत गेली. प्रतिध्वनी मधोमध पडत होता. घड्याळ लावून मोजलं, तर मिनिटाचे ठोके दरवर्षीइतकेच. म्हणजे आवाज जिथून परत येत होता, ती जागा जुन्या भिंतीचीच. मी तिथवर चालत गेले. एक वीट नाही, नुसत्या ट्रकच्या चाकांच्या खुणा. तिथे उभं राहून हात केला. सिद्धीने फळी मारली. मला ठोका एकदाच ऐकू आला. पलीकडे पोरं दोन बोटं दाखवत होती – दोनदा, बाई, दोनदा.

तुम्ही जे सुचवाल ते सगळं मी करून बसलेय. शाळेच्या इमारतीवरून येत असेल? ती अगदी पाठीशी आहे, आवाज कितीतरी लवकर आला असता. लांबच्या बिल्डिंगा? मग फार उशिरा आला असता. दुसऱ्या दिवशी एकटीने जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि माझ्या कॉलेजच्या सरांना पाठवलं.

"छान आलाय गं," सरांचा फोन आला. "समोर भिंत दिसतेय."

"पाडली, सर."

"मग दुसरी असेल. नीट बघ."

नीट बघ! अख्खं आयुष्य नीट बघण्यात घालवलं मी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हे स्टाफरूमबाहेर नको. पण पोरांनी ते केव्हाच घरोघरी पोचवलं होतं, आणि त्यानेच वाट लागली. बुधवारी शाळा सुटताना सिद्धीची आई तिला घेऊन गेटवर उभी.

"बाई, उद्या आमी डॉक्टरकडे येत नाय. गावाक जातो."

"का? ठरलं होतं ना आपलं?"

"तुमीच म्हणालात मां, कारणाशिवाय आवाज नाय. मगे मैदानातल्या आवाजाचा कारण सांगा."

मी तोंड उघडलं. वारा, तापमान, परावर्तन... शब्द सगळे आले, पण त्यातलं एकही उत्तर नव्हतं. एक थाप मारली असती तर पोरीचं काम झालं असतं, हेही कळत होतं. नाही जमलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"बघा. शिकलेल्यांक पण म्हायत नाय."

तेवढ्यात सिद्धी म्हणाली, "आई, तो आवाज सगळ्यांना आला. ओंकारला, बाईंना, सगळ्यांना. माझा फक्त मला येतो. मैदानात येतो, घरी येतो, दोन्ही कान बंद केले तरी येतो. तो बाहेरचा नाय गं. माझ्या कानातलाच आहे."

"ह्या कोणी शिकवल्यान तुका?"

"कोणी नाय."

खरंच, मी नव्हतं शिकवलं. मी दोन दिवस त्या भिंतीतच अडकले होते.

गावाला जाणं आईने पुढे ढकललं आणि गुरुवारी आम्ही तिघी सरकारी रुग्णालयात गेलो. काचेच्या खोलीत सिद्धीला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाच्या वेळी बोट भराभर वर जात होतं. डाव्याच्या वेळी ती नुसती बसून राहिली.

"खेळता काय ती?" आईने विचारलं.

"नाही हो. तिला ऐकूच येत नाहीये."

आईने माझं मनगट धरलं, ते बराच वेळ सोडलं नाही. डाव्या कानाच्या पडद्याला भोक, आत जुना पू. औषधं सुरू झाली, पुढे ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आणलंत.

बाहेर पडताना आई म्हणाली, "आणि मैदानातला?"

"ते नाही सापडलं."

"मगे ता तुमी बघा. हिचा मी बघतंय."

बघायला मी सोमवारी गेले. तर बिल्डरने मैदानाच्या कडेने पत्रे ठोकलेले. आता पत्र्यावरून खणखणीत प्रतिध्वनी येतो, पुस्तकात लिहिलाय अगदी तसा. त्याच्यामागून आणखी एक येतो का, ते त्या ठणठणाटात कळत नाही.