शेणात चिपाड खोचणारा काटाबाबू

बोटावर अंगठीचा पांढरा वळ आहे आणि अंगठी नाही, असा माणूस दिसला की मी दोनदा बघतो. ही सवय आजची नाही. मी साखर कारखान्याच्या गेटावर जमादार होतो. आत जाणारा माणूस कसा चालतो आणि बाहेर येणारा कसा चालतो, हे बघण्याचा मला पगार मिळायचा. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. पण गेटावर बसून मी जेवढी माणसं ओळखली तेवढी ऑफिसातल्या पदवीवाल्यांनी ओळखली नसतील.

काटाबाबू पहिल्या दिवशी गेटातून आत आला तेव्हा मी आधी त्याचं बोट बघितलं. मग शर्ट बघितला. टेरिलीनचा, एकेकाळी भारीतला असणार, पण कॉलर उलटी करून शिवलेली. पाय अनवाणी आणि चपला हातात.

"चपला तुटल्या काय?" मी विचारलं.

"नाही. रस्ता चांगला आहे म्हणून हातात घेतल्या. खडी लागली की घालतो."

असं उत्तर देणारा माणूस वेडा तरी असतो, नाही तर पक्का तरी. वेडा काही दिसत नव्हता.

त्याला नेमलं होतं उसाच्या काट्यावर, म्हणून काटाबाबू. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना काट्यावरचा बाबू म्हणजे काय ते सांगायला नको. भरलेली बैलगाडी काट्यावर चढते, बाबू खिडकीतून आकडा बघतो आणि लिहितो. ऊस खाली करून गाडी आली की पुन्हा वजन. त्या दोन आकड्यांच्या मधे शेतकऱ्याचं वर्ष असतं. बाबूने एखाद्या गाडीला दोन क्विंटल जादा लिहिले तर कोण बघतो? त्याच्या आधीच्या बाबूने तीन सीझनमध्ये माडीचा पाया घातला होता. आणि हा माणूस चपला झिजतील म्हणून अनवाणी चालतो. मी मनात म्हणालो, हा नुसती माडी नाही, पेठ बांधणार.

त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं. कुठलीही वस्तू समोर आली की तो म्हणायचा, "ह्याच्यावाचून अडतंय का?" चहाला बोलावलं तरी तेच. पानाला, बिडीला, दिवाळीच्या नव्या कपड्यांना तेच. दुसऱ्याला विचारत नव्हता, स्वतःलाच विचारायचा आणि थोडं थांबायचा, जसं काही आतून कोणी उत्तर देणार आहे. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' यायचं. काडेपेटीतली काडी उभी चिरून तो एकीच्या दोन करायचा. केस बायको कापायची, आणि ते तसे दिसायचेही.

बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. क्वार्टरच्या मागे भांडी घासलेल्या पाण्यावर तिने कोथिंबीर, मेथी केली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका कंगवे, आरसे, वाट्या वाटायच्या. वहिनीने प्रत्येकीच्या ओटीत कोथिंबिरीची जुडी घातली. माझी बायको घरी येऊन म्हणाली, "अशी बाई मी बघितली न्हाई." पण संध्याकाळी आमटीत तीच कोथिंबीर होती, आणि पुढच्या आठवड्यात ती वहिनीकडे अजून मागायला गेली.

मी मात्र हिशेब मांडत होतो. पूर्ण पगार, खाणारी दोनच माणसं, खर्च काहीच नाही. मग पैसा जातो कुठे? पगार झाला की येणाऱ्या रविवारी तो सकाळी सायकल काढायचा आणि दिवस मावळताना परत यायचा. जाताना वरचा खिसा फुगलेला असायचा, येताना सपाट. मी घरी म्हणालो, "बाई ठिवलीय ह्यानं." बायको म्हणाली, "तुमाला दुसरं कायी सुचतच न्हाई. बाई ठिवनारा मानूस कॉलर उलटी करून घालतो व्हय?" तिला काय कळतंय, असं मी तेव्हा म्हणालो.

दुसऱ्या सीझनला मला हवं ते सापडलं. गाडीतळावर शे-दीडशे गाड्या नंबर लावून उभ्या असायच्या. बैल तासन्‌तास उभे, त्यामुळे जागोजाग शेण. ऊसतोडीच्या बायका ते गोळा करायच्या. त्यांची रीत अशी की जिने शेणाचा पोवटा आधी बघितला तिने त्यात उसाचं चिपाड खोचायचं. चिपाड खोचलं की ते शेण तिचं, मग ती ते दुपारी नेवो नाही तर संध्याकाळी. दुसरी हात लावायची नाही. हे मला माहीत होतं. मी काही शहरातला नाही. पण एक दिवस बघतो तर काटाबाबू चहाच्या सुट्टीत खिडकीतून बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं, वाकला आणि एका गाडीमागच्या शेणात चिपाड खोचून आत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तीन गाड्यांमागे.

आता तुम्हीच सांगा. बाईने खोचलं तर ती शेणाची मालकी. प्यांट घातलेला, खिशाला पेन लावलेला बाबू खोचतो तर ती काय असणार? खूण. ह्या गाडीशी बोलणं झालंय, हिला जादा लिहायचं. मी आठ दिवस पाळत ठेवली, कोणकोणत्या गाड्या ते ध्यानात ठेवलं, आणि माझ्या हाताने अर्ज लिहिला. 'काटाबाबू शेणात खुणा करतो. गाड्या फुगवतो. चौकशी व्हावी.' एवढंच लिहायला मला दुपार लागली, पण दुसऱ्याकडून लिहून घेतलं नाही.

शेतकी साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर काट्यापाशी बोलावलं. गाडीवान, कारकून, मी. खुणेच्या चार गाड्या आणि बिनखुणेच्या चार गाड्या पुन्हा काट्यावर चढवल्या. साहेब स्वतः आकडा बघत होते. एकाही गाडीत पासरीचा फरक निघाला नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आज सावध हाय त्यो. खुणा कशाला करतो ते इचारा."

साहेबांनी विचारलं. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "साहेब, काट्यावरून काढायचं तर काढा. कुठेही टाका, पोती उचलतो. पण सीझन संपेपर्यंत कारखान्यातून काढू नका. मधेच पगार थांबून मला चालणार नाही."

ऐकलंत का, मी शेजारच्या कारकुनाला कोपर मारलं. असं चोरच बोलतो.

तेव्हा गर्दीतून ऊसतोडीची एक म्हातारी पुढे आली. पदर कमरेला खोचलेला. साहेबाला म्हणाली, "आवो, त्यो शेन गोळा करतो. पहाटं पाळी सुटली की घोंगडं डोक्यावर घिऊन येतो आन्‌ त्येचं त्येचं तेवढंच नेतो. आमच्या चिपाडाला कंदी हात न्हाई लावला. तुमी त्येला काय फाशी देताय व्हय?"

सगळा गाडीतळ हसला. कारकून तर पोट धरून. बाबू, टेरिलीनचा शर्ट, आणि शेण. त्याची बायको गवऱ्या थापते आणि त्या कुंभाराला विकतात, हे त्याने दोन सीझन लपवलं होतं. मला वाटलं आता हा माझ्या अंगावर येणार. संध्याकाळी तो गेटावर आला आणि म्हणाला, "बरं झालं जमादार. लपवायला लई मेहनत पडत होती. पहाटेची झोप जायची. तेवढा खर्च वाचला."

दुसऱ्या दिवसापासून तो भर दुपारी, सगळ्यांदेखत, पाटी डोक्यावर घेऊन गेटातून बाहेर जायला लागला. माझ्या मते हा आणखी मोठा डाव होता. शेणाखाली काय नेईल, काय सांगावं? पितळी बुश, तांब्याची तार. मी एक सळई ठेवली होती. रोज त्याची पाटी खाली उतरवायची आणि सळई खुपसायची, चारी बाजूंनी. लोक हसायचे, कुणाला ते मी बघितलं नाही. तो शांत उभा राहायचा. "तळाला बघा जमादार, तळाला राहिलं," असं स्वतःच दाखवायचा. एकदाही सळई कशाला अडली नाही. मला वाटायचं, हा माणूस सळई कुठे जाणार तेही ओळखून आहे.

मग बहात्तर साल आलं. पाऊस गेला. ऊस वाळला, सीझन दोन-अडीच महिन्यांत आटपायची वेळ आली. रस्त्याची कामं निघाली, माणसं खडी फोडायला गेली. आमच्या कॉलनीतल्याच बायका वहिनीकडे जाऊन बसायच्या, रॉकेल कसं वाचवायचं, एका भाकरीवर दोन वेळा कशा काढायच्या हे विचारायला. ज्या माणसाला अख्खी कॉलनी कंजूस म्हणायची त्याच्यासारखी अख्खी कॉलनी वागायला लागली. मीही चपला हातात घेतल्या होत्या, पण फक्त अंधार पडल्यावर.

त्याच दिवसांत गेटावर एक म्हातारा आला. पाठीवर थैली.

"शेठ कुठं ऱ्हात्यात?"

"कोन शेठ? हितं साखर बनती, शेठ न्हाई."

"टाकीजवालं शेठ. उंच हाईत. नेवाशाकडनं आलोय मी."

मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. मला ते जमतं. काटाबाबूची म्हणे एकेकाळी फिरती टॉकीज होती. जत्रेजत्रेला तंबू, पडदा, जनरेटर. तेव्हा बोटात अंगठ्या, सिगारेटचा डबा, येईल त्याला चहा. एका जत्रेत तंबू पेटला आणि मशीनसकट सगळं गेलं. हा म्हातारा मशीन चालवणारा. त्याचा दोन वर्षांचा पगार शेठकडे राहिला होता. तंबू शिवणाऱ्याचे राहिले, जनरेटरवाल्याचे राहिले, आणि एका विधवा बाईने धंद्याला म्हणून गळ्यातली माळ काढून दिली होती, तीही गेली.

"कागद हाय का तुज्याकडं?" मी विचारलं.

"कुनाकडंच न्हाई. आमी सोडून दिल्तं. मागनं हेच यायला लागलं, दर म्हैन्याला, सायकलवर."

"मग आता काय मागायला आलास?"

"माजं मागच्या सालीच फिटलं. दोन पायल्या बाजरी आनलीय त्येंच्यासाठी. दुष्काळ हाय, म्हनलं द्यावी."

बाजरी काही काटाबाबूने घेतली नाही. म्हाताऱ्याला जेवायला घातलं आणि थैली पुन्हा त्याच्या पाठीवर दिली. "ही घेतली तर पुन्हा तुझ्या घराचे फेरे सुरू," म्हणाला. म्हातारा गेल्यावर मी त्याला थेट विचारलं, "कागद न्हाई, कोर्ट न्हाई. मग कशापायी मरतोस?"

तो बाकड्यावर टेकला. माझ्या बाकड्यावर तो पहिल्यांदाच बसला होता. "आधी लाज वाटायची म्हणून फेडत होतो," तो म्हणाला. "आता सवय झाली. तंबू होता तेव्हा माझ्याकडे पंचवीस माणसं जेवायची आणि मला झोप नव्हती. आता भाकरी-मेथी खातो आणि पडलो की झोपतो. फक्त त्या बाईची माळ राहिलीय. ती झाली की पुणतांब्याला जाणार. हिच्या भावाने नदीकाठी पाच गुंठ्यांचा तुकडा दिलाय. भाजी, एक शेळी, बास."

ते मला पटलं का? खरं सांगतो, अर्धंच पटलं. कोणी मागत नसताना देणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

त्या सीझनच्या शेवटी ऊस नाही म्हणून निम्मी माणसं घरी गेली. काटाबाबूला मात्र साहेबांनी कायम करायचं ठरवलं. तीन सीझन काटा एक किलो इकडेतिकडे नाही, असं ते म्हणाले, आणि माझ्या अर्जामुळे तो तपासला गेला होता हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी कायम नोकरीसाठी लोकांनी नवस बोलले असते. याने हात जोडले आणि नको म्हणाला. बाईची माळ आदल्या रविवारी करून दिली होती.

आता मात्र माझी खात्री झाली. दुष्काळात कायम नोकरी सोडून जाणारा माणूस काहीतरी घेऊनच जात असणार.

क्वार्टर सोडणाऱ्याचं सामान गेटावर तपासायचा नियम होता. एक रिकामी टायरगाडी स्टेशनकडे निघाली होती, तिच्यात त्यांचं सामान. मी सगळं खाली उतरवलं. एक ट्रंक, दोन पातेली, तवा, वळकटी, बियांच्या पुरचुंड्या, वहिनीची दोन लुगडी. मी वळकटी उकलली, उशी चाचपली, ट्रंकेचा तळ वाजवून बघितला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पुरचुंड्या तेवढ्या सांभाळून. मेथी आन्‌ कोथिंबीर एकत्र व्हईल." मी पुरचुंड्याही सोडल्या. बी होतं. मीच परत बांधल्या.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"मग मला तसं लिहून द्या."

"रजिस्टरात लिवतो की."

"रजिस्टर तुमच्याकडे राहील. मला वेगळा कागद द्या." तो हसत नव्हता. "ज्यांनी पैसे दिले त्यांनी विश्वासावर दिले, जमादार. घेतले तेव्हा कागद नव्हता, फेडले तेव्हाही नाही. तीन सीझन माझ्यावर एक दिवससुद्धा विश्वास न ठेवलेला माणूस तुम्ही एकटेच. तुमच्या हातचा कागद असला म्हणजे मला बाकी कोणाचा नको."

मी कागद घेतला. गाडीवान बैलांना थोपवून उभा होता, ऊन चढत होतं, आणि मी एकेक अक्षर काढत होतो. लिहिलं, 'काटाबाबूंचं सामान तपासलं. आज काही सापडलं नाही.' खाली सही केली.

त्याने वाचलं. 'आज' या शब्दावर त्याची नजर थांबली, ते मी बघितलं. बघण्याचाच मला पगार होता. त्याने कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि वहिनीला हात देऊन गाडीत चढवलं.

पुढे पुष्कळ वर्षं मी त्या गेटावर होतो. पुणतांब्याकडचा कोणी आला की विचारायचो. नदीकाठी भाजी करतात, बरे आहेत, असं कळायचं. "काय निरोप सांगू?" तो माणूस विचारायचा. मी म्हणायचो, काही नाही. निरोप होता, पण दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखा नव्हता, आणि त्यासाठी स्वतः गाडीत बसून जायला माझी मान लवली नाही. तो वारल्याचं मला तेराव्यानंतर कळलं.

म्हणून इथे लिहितो, दुसऱ्याकडून लिहून न घेता, माझ्याच हाताने. काटाबाबूंचं सामान तपासलं. काही सापडलं नाही.