गोठ्यातली बिअर

थंडीत बिअरलाही गोधडी लागते, हे मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

झालं असं, की बोरी बुद्रुकचा माझा मेव्हणा राहुल एका लग्नात चारचौघांत म्हणाला, "दाजी, बिअर बनवणं म्हंजी लॅपटॉप चालवणं न्हाई!" आता एवढं ऐकून गप्प बसलो असतो तर मी जावई कसला? ऑनलाइन सामान मागवलं, निरगुडसरला आमच्या घरी मागच्या खोलीत बॅरल भरला आणि पुढच्या महिन्यातल्या एका रविवारचं आमंत्रण राहुलला देऊन मोकळा झालो.

पण बिअर आंबवणाऱ्या यीस्टला ऊब लागते आणि आमच्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलसुद्धा दगड होतं! बॅरलमध्ये एक बुडबुडा येईल तर शपथ. मी गोधडी गुंडाळली. बायको कडाडली, "माझ्या आईनं शिवलीय ती! ड्रमाला घालता?" गोधडी गेली. शेजारी बल्ब लावला, तर लाइट गेली. शेवटी मीच बॅरलला मिठी मारून बसलो आणि नेमके तात्या आत आले.

तात्या म्हणजे माझे वडील. (घरात दारूचं नाव काढणाऱ्याला ते उंबऱ्याबाहेर काढतात. एका चुलत्याला काढलंयसुद्धा!)

"काय रं ह्ये?"

"जि... जिवाणू खत, तात्या! कांद्यासाठी."

तात्यांचे डोळेच चमकले. ड्रममध्ये शेण-गूळ कालवून जीवामृत करण्यात त्यांची हयात गेलेली.

"आन् ते गारठ्यात ठिवलंस? मरतील की बिचारे! उचल. गोठ्यात न्हेऊ."

दोन जर्सी गाईंच्या मधोमध, भुसकटात, पोत्यांत गुंडाळून बॅरल बसला. दुसऱ्याच दिवशी बुडबुड बुडबुड! तात्या रोज धारा काढायला गेले की बॅरलला कान लावायचे. "लई जोरात चाललंय! वास वंगाळ येतोय, म्हंजी माल पक्का!" मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

ठरलेल्या रविवारी राहुल हात चोळत आला. "दाजी, कुठाय माल?" मी ऐटीत त्याला गोठ्यात नेलं. बॅरल धुऊन पालथा घातलेला!

तेवढ्यात शेतातून तात्या आले. "सकाळी मोटारीला लाइट आली, तवा पाण्याबरोबर सोडलं समदं कांद्याला. फडक्यानं गाळून घेतलं, न्हाईतर ड्रिप तुंबतं."

आम्ही शेताकडे धावलो. राहुलनं बांधावर उभं राहून लांब श्वास घेतला आणि हसून हसून खालीच बसला. "काय वास सुटलाय, दाजी! एक नंबर जमली व्हती की!"

मागून तात्या आले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. जन्मात पहिल्यांदा! "पावणं, ह्या पोरानं शेतीत आजवर काय केलं न्हाई, पण ह्ये झ्याक केलं. पुढल्या साली दोन ड्रम कर रं."

खरं सांगावं तर घर जातं, न सांगावं तर बिअर. "करतो, तात्या," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, पाठीवरचा तो हात मला फार आवडला होता.

पाहुण्याला कोरडं कसं पाठवायचं, म्हणून मी स्वतःच्या हातानं राहुलला चहा करून दिला. त्यानं एक घोट घेतला, कप हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "दाजी, ह्येबी कांद्यालाच सोडा!"