मयुरीच्या हळदीत आलेली कोळशी

गेल्या रविवारी मोर्शीजवळ मामाच्या शेतातल्या घरी मामेबहिणीची हळद होती. मयुरीनं आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं... पिवळं घालूनच यायचं, नाहीतर फोटोत उभं राहू देणार नाही. आता नवरीपुढे कोण बोलणार?

डेकोरेशनवाल्यानं तर कहर केला होता. अंगणाच्या चारी बाजूंनी पिवळे पडदे, पिवळ्या उशा, झेंडूच्या माळा... आणि पडद्यांना लागूनच मामाची संत्र्याची बाग. थंडीचं छान ऊन पडलं होतं.

मी अकोल्याला पिकांवरच्या किडींचं संशोधन करते. घरात मला 'किड्यांची डॉक्टरीण' म्हणतात आणि गव्हात सोंडे झाले तरी मलाच फोन लावतात. वर्षभर मी शेतकऱ्यांना एकच सांगत फिरते, की किडींना पिवळा रंग ओढून घेतो, म्हणून बागेत पिवळे चिकट सापळे लावा. आणि त्या दिवशी मी स्वतः डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होऊन बागेच्या तोंडाशी नाचत होते... म्हणजे बघा.

फोटोग्राफर मघापासून कॅमेऱ्याची काच पुसत होता. शेवटी वैतागून मला म्हणाला, "ताई, पडद्यावर कचरा दिसून राहिला. झटका ना जरा." मी पडदा झटकला. कचरा उडाला आणि परत येऊन बसला.

पर्समधलं भिंग काढून पाहिलं... राखाडी-काळे पंख, तिळाहून बारीक माश्या. कोळशीच. ही माशी संत्र्याच्या कोवळ्या पानांखाली अंडी घालते, पिलं रस शोषतात, आणि मग पानं, फळं सगळं काजळी फासल्यासारखं काळं पडतं.

दुसऱ्या कुणाची बाग असती तर मी शांतपणे सल्ला देऊन मोकळी झाले असते. पण मामाची आधीची बाग कोळशीनंच गेली होती. थकून शेवटी एके दिवशी त्यानं ती स्वतःच्या हातानं तोडली, एकट्यानं, घरात कुणाला न विचारता. पुढे कितीतरी दिवस तो जेवता जेवता ताटावरून उठून जायचा. ही नवी बाग त्यानं लेकरासारखी वाढवली आणि यंदा पहिल्यांदा मृगाचा, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याचा बहार धरला... फळं झाडावर होती.

मामी जवळ आली. "काय पाऊन राहिली वं?" मी दाखवलं. तिचा चेहरा उतरला, पण लगेच माझा हात दाबून म्हणाली, "आज नोको सांगू त्याईले. लगन होऊन जाऊ दे." खरं सांगते, मलाही तेच बरं वाटलं. इतका हसणारा मामा किती वर्षांनी दिसत होता.

पण मयुरीचे कान भारी तिखट. पाटावरूनच म्हणाली, "बाबाले आताच सांगा. मी गेल्यावर सांगसान, आन ते पुन्हा एकटेच घेऊन बसतीन."

सांगितलं. मामा खुर्चीत बसला, गालाला हळद तशीच. म्हणाला, "गावातून सगळ्यात जहाल औषध आनतो. आताच फवारतो." अंगणात पाहुणे, चुलीवर स्वयंपाक, आणि याला फवारायचं होतं. मी म्हटलं, "मामा, पयले पानं तं पाहू. किती हाये थे तं समजू दे." तो काही उठेना.

तेव्हा मयुरीच उठायला लागली आणि सगळ्या बायका तिच्यावर ओरडल्या. हळद लागली की नवरीनं अंगणाबाहेर पाय टाकायचा नाही, आमच्याकडे त्यात तडजोड नाही. "बरं, मी नाई जात," ती म्हणाली. "पानं इथं आना."

आणि काय सांगू... आत्या, काकू, नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन आलेली मंडळी, सगळे पिवळे कपडे सावरत बागेत घुसले. मी ओळी वाटून दिल्या. कोवळी पालवी उलटून पाहायची, शंका आली की शेंडा खुडून मयुरीकडे. ती पाटावर बसून माझ्या भिंगातून बघायची आणि अंडी दिसली की पान बादलीत टाकायची. थोड्या वेळानं मामाही उठून आला आणि माझ्या शेजारच्या झाडाशी गपचूप पानं उलटू लागला. भिंगाला लागलेली हळद अजून निघालेली नाही.

अंडी फक्त रस्त्याकडच्या ओळींत निघाली, पानाखाली गोल चक्री मांडल्यासारखी. बाकी बाग साफ होती. शिवाय त्याच ओळींत कोळशीची पिलं खाणारे ढालकिडे भरपूर दिसले. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची बोर, पळस, हिवर अशी झाडं मामानं कधी तोडू दिली नाहीत, तिथूनच ते येत असावेत. जहाल औषध मारलं असतं तर आधी तेच मेले असते.

खुडलेले शेंडे खड्ड्यात पुरायचे आणि लग्न आटोपलं की निंबोळी तेल फवारायचं, असं ठरलं. मामा पंगतीत बसला, रोडगे खाल्ले, वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली. मामी वाढता वाढता डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. सासरी कसं वागायचं ते सांगायला मोठी माणसं गाडीभोवती जमली होती. मयुरीनं कुणाचंच ऐकलं नाही. काच खाली करून बापाला म्हणाली, "बाबा, पानं उलटे करू करू पाहात जाजा. आन काही दिसलं तं एकटे बसू नोका, मले फोन करजा."

मामा, जो कधी कुणाला काही सांगत नाही, गाडीची काच धरून म्हणाला, "करीन माय."

आणि करतो आहे. रोज सकाळी बागेतून व्हिडिओ कॉल... तिकडे मयुरीची सासू चहा घेता घेता संत्र्याच्या पानांच्या खालच्या बाजू बघत असते, आणि काल म्हणे तिनंच विचारलं, "व्याही, तिकडची ओळ दाखवली नाही आज?" त्या माउलीला मी अजून नीट भेटलेलेही नाही, पण मनापासून आभारी आहे.