तुळई कच्ची नव्हती

"तात्या गेले," असा भानुदास सुतारांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी ईट गावच्या आमच्या शेतातल्या लाकडी घरात, त्यांनीच बसवलेल्या तुळईखाली बसलो होतो. तेराव्याला गेलो. तिथं एकजण म्हणाला, "हात सोन्याचा होता तात्यांचा. तुमची तुळई तेवढी कच्ची निघाली." मी मान खाली घालून चहा प्यालो... म्हणून हे लिहितोय.

हे घर तात्यांच्या वडिलांनी बांधलं. दगडी उथळ्यांवर सागाचे बारा खांब, वर तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद. मधली तुळई वाळवीनं खाल्ली तेव्हा तात्यांनी बाभळीची नवी घातली. दोन उन्हाळे वाळवलेलं लाकूड होतं ते. मी स्वतः पाहिलं होतं.

माळवदाची एक रीत असते. मृगाआधी जुना थर खरवडायचा, मगच नवी माती पसरायची. खरवडायचं काम किचकट, माणसं मिळेनात. मी वर्षानुवर्षं जुन्यावरच नवी माती ओतत गेलो. एका झडीत ती भिजली, तुळईला बाक आला, बारीक तडा गेला. मी पारावर बसून सांगितलं, तात्यांनी कच्चं लाकूड घातलं.

ते कानावर गेलं तसे तात्या आले ते थेट माळवदावर चढले. गज मातीत खुपसला. तो हातभर आत गेला.

"लाकडाला कशाला बोल लावता, भाऊसाहेब? त्याच्या डोक्यावर आख्खं वावर ठेवलंय तुमी. आता ज्वारी पेरा वर!"

त्यांनी तुळईखाली टेकू दिला, माती उतरवायला सांगितली आणि निघाले. गावात मात्र एक शब्द बोलले नाहीत. पुढं गावातली घरं बांधायला लोक बाहेरचे सुतार आणू लागले. तात्या चौकटी आणि पाटच करत राहिले.

मागच्या दिवाळीत ते घरी आले होते. थकले होते. टेकूपाशी गेले, त्याच्या वरच्या फटीत बोट घातलं आणि हसले.

"खरवडता का आता?"

"व्हय, तात्या. दरसाल."

एवढंच बोललो. पुढचं वाक्य तोंडात होतं...

माती उतरवल्यावर तुळई आपोआप वर सरकली होती. टेकूवर कसलाच भार नाही. दोन्हींच्या मधून बोट आरपार जातं. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगायचो, कच्च्या लाकडाला आधार दिलाय. आता जो विचारेल त्याचं बोट धरून मी त्या फटीत घालतो, आणि माती कुणी ओतली ते सांगतो.